मामांच्या शेतातलं तण

आमच्या हैदराबादच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, दोन फुटांची काचेची टाकी आहे. पन्नासेक लिटर पाणी मावतं. मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला मासे आणायचं ठरलं, आणि मासे आणायचेच तर प्लॅस्टिकची झुडपं आणि तो तोंड उघडझाप करणारा सांगाडा नको, खऱ्या वनस्पती लावू, असं मीच जाहीर केलं. बीई होऊन बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला चार रोपं लावता येणार नाहीत का, असा माझा रुबाब होता.

नाही लावता आली. दुकानातून रोटाला नावाच्या वनस्पतीची जुडी आणली, दीडशे रुपयांना दहा काड्या. तांबूस, गोलसर पानांची, दिसायला फार गोड. आठ दिवसांत खालची पानं काळी पडून गळायला लागली. क्रिप्टोकोरिन नावाचं एक झाड कुंडीसकट आणलं, त्याची पानं चौथ्या दिवशी शिजवलेल्या पालकासारखी झाली. उपटून फेकलं, दुसरं आणलं. तेही गेलं. बायको म्हणाली, "तुझी ही पालेभाजी फार महाग पडतेय." मी खतं आणली, दिवा बदलला, कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी आणली. कामावर ज्युनिअर मुलांना मी सांगत असतो की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बग कशामुळे गेला ते कळणार नाही. घरी मात्र रोज तीन गोष्टी बदलत होतो.

एकच झाड मजेत होतं. दुकानदाराने पिशवीत फुकट टाकलेलं साल्विनिया. पाण्यावर तरंगणारं, कानाच्या पाळीएवढ्या पानांचं, पानांवर बारीक लव. त्याला माती नको, लावायला नको. आठवड्यात दुप्पट व्हायचं. दर रविवारी मूठभर काढून टाकावं लागे. जे एकमेव जगलं त्याचं मला कौतुक होतं, म्हणून त्या दिवाळीला बेळगावला जाताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घालून, ते मी मामींसाठी घेऊन गेलो. मामींना फुलाझाडांची हौस आहे. मागच्या दारी दगडी दोण आहे, तिच्यात छान दिसेल असं वाटलं.

आजोळ जांबोटीच्या पुढे. बेळगावहून पिरनवाडी, किणये करत रस्ता निघतो आणि बघता बघता जंगलात शिरतो. वाटेत हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातला मारुती आहे. पावसाळ्यात नदी चढली की देऊळ पाण्याखाली जातं, पाणी उतरलं की पुन्हा दर्शन सुरू. मामा तिथे गाडी थांबवल्याशिवाय पुढे जात नाहीत. लहानपणी मला वाटायचं, देव पावसाळाभर श्वास कसा धरत असेल. नदीच्या त्या काठावरची झाडंही तेच करतात, हे कळायला मला चाळिशी जवळ यावी लागली.

दिवाळीत भाताची कापणी होऊन गेली होती. इंद्रायणीचा वास अजून खळ्यावर होता. सकाळी मामांबरोबर खाचरं बघायला गेलो. बांध उतरलो, आणि पायाखाली बघतो तर धसकटांच्या मधून सगळीकडे तांबूस, गोल पानांच्या काड्या उभ्या. बोटभर उंचीच्या. टोकाला बारीक गुलाबी फुलं. मी उकिडवा बसलो.

"काय बघालास रे खाली वाकून? काय पडलं काय?"

"मामा, हे काय आहे?"

"तण. दुसरं काय."

"हे हैदराबादला दीडशे रुपयाला मिळतं."

"पोतं?"

"जुडी. दहा काड्या."

मामांनी खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी भात उगाच लावलो म्हण की."

त्या दिवशी मी त्या चिखलात दोन तास काढले. रोटालाच्या शेजारी अंबुली होती, चुरगळली की उग्र वास येणारी. दुकानात ती लिम्नोफिला किंवा अँबुलिया म्हणून मिळते. बांधाच्या ओलीत जाड, गुळगुळीत, छोट्या पानांची वेल पसरली होती. हीच मी 'बाकोपा' म्हणून कुंडीला शंभर रुपये देऊन आणली होती. मामी म्हणाल्या, "अरे, ही तर ब्राह्मी. तुझी आजी हिचं तेल करायची." लहानपणी डोक्यावर थापून घेतलेलं तेल आणि टाकीतली ती विदेशी थाटाची कुंडी एकच निघाली. ओढ्याकाठी काटेरी तालिमखाना होता, त्याचे भाऊबंद हायग्रोफिला या नावाने टाक्यांत असतात. टाकीची हौस असलेल्या माणसाने सह्याद्रीत जाऊ नये, खिशाला लागते ती गोष्ट पायाला लागायला लागते.

पण खरी गोष्ट मला खाचराच्या कोपऱ्यात दिसली. तिथे झऱ्याचं पाणी येतं, वीतभर पाणी कायम साचलेलं. त्या पाण्यात उभी असलेली रोटालाची काडी पाण्यावर आली होती तिथे पानं गोल, जाडसर. आणि त्याच काडीची पाण्याखालची पानं अरुंद, पातळ, लांबट. एकाच काडीवर दोन तऱ्हेची पानं. सांगितलं नसतं तर दोन वेगळी झाडं वाटली असती.

माझी टाकी का बिघडत होती ते मला तिथे समजलं. या वनस्पती विकणाऱ्या नर्सऱ्या त्यांना बहुधा पाण्याखाली वाढवत नाहीत. मुळं ओलीत आणि पानं हवेत ठेवतात, म्हणजे लवकर वाढतात, शेवाळ धरत नाही, गोगलगाई लागत नाहीत. अशी हवेतली पानं घेऊन झाड आपल्या टाकीत बुडतं. हवेतल्या पानावर पाणी उडून जाऊ नये म्हणून मेणासारखा थर असतो, हवा घ्यायची रंध्रं असतात. पाण्याखाली त्या दोन्हींचा उपयोग नाही, उलट अडचण. झाड ती पानं सोडून देतं आणि पाण्यातली नवी, पातळ पानं काढायला घेतं. याला तीन-चार आठवडे लागतात. क्रिप्टोकोरिनचं तर हे फारच नाटकी असतं. सगळी पानं विरघळतात, पण मातीखाली कंद शाबूत असतो. मी दहाव्या दिवशी उपटून फेकत होतो. मेलेली म्हणून फेकलेली निम्मी झाडं खरं तर कपडे बदलत होती.

वायतुऱ्याचंही तसंच. कासच्या पठारावर दिसणारा, इंग्रजी वाय अक्षरासारखा फुटलेला तुरा असलेला हा अपोनोजेटॉन पावसाळ्यात वर येतो आणि पाणी आटलं की जमिनीतल्या कंदात परत जातो. त्याचे नातेवाईक असलेले कंद दुकानात मिळतात. चार-सहा महिने सुंदर पानं येतात, मग एके दिवशी सगळी झडतात आणि लोक कंद कचऱ्यात टाकतात. त्याचा उन्हाळा आलेला असतो, एवढंच.

परतताना मामांनी खाचरातली पाच किलो माती पिशवीत बांधून दिली आणि वर तणाची जुडी. बसच्या डिकीत माती बघून कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "प्रसाद." एवढं खोटं चालतं.

हैदराबादला येऊन टाकी पूर्ण रिकामी केली. आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं, किटलीला पांढरे थर चढवणारं. जांभ्या दगडाच्या मुलखातलं पाणी मऊ, त्यात वाढलेल्या रोटालाला हे खडकाळ पाणी कसं मानवणार? तेव्हा निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं अशी भेसळ ठरवली. तळाला इंचभर मामांची माती, त्यातली धसकटं, मुळं वेचून काढलेली. तिच्यावर दीड इंच बारीक धुतलेली वाळू, म्हणजे माती ढवळून वर येत नाही. वाळू भिजेल एवढंच पाणी घालून आधी रोपं लावली. भरल्या टाकीत हात घालून लावताना निम्मी तरंगून वर येतात, हा सहा महिन्यांचा अनुभव होता.

रोटालाची जुडी तशीच खोचायची नसते, हे मामींनी भाताची लावणी दाखवता दाखवता सांगितलं होतं, फक्त ते रोटालाबद्दल नव्हतं. एक एक काडी वेगळी करायची. खालच्या दोन पेरांची पानं काढायची, कारण पेरातूनच मुळं फुटतात. लांब चिमट्याने तिरकी खोचायची, दोन काड्यांत बोटभर अंतर, म्हणजे उजेड बुडापर्यंत पोचतो. जुनं क्रिप्टोकोरिन, माझ्या दृष्टीने मेलेलं, मुळांभोवतीची ती लोकरीसारखी गुंडाळी काढून लावलं, पानं फुटतात तो भाग वाळूच्या वर ठेवून. तो पुरला तर कुजतो. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतलं. दिव्याला टायमर लावला, रोज सात तास. आणि महिनाभर मासे नाहीत. ताज्या मातीतून अमोनिया सुटतो, तो पचवणारे जीवाणू तयार व्हायला वेळ लागतो, तोवर दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं. मुलगी रोज संध्याकाळी रिकाम्या पाण्यासमोर बसून विचारायची, "आज मासे?" पाचव्या आठवड्यात तिचे गप्पी आले. तोवर रोटालाच्या काड्यांवर अरुंद पानं आली होती आणि क्रिप्टोकोरिनच्या बुडातून सुईएवढी एक तपकिरी गुंडाळी वर आली होती. ऑफिसमध्ये मी तिचा फोटो दाखवत फिरलो. लोकांना बाळाचा फोटो असेल असं वाटलं होतं.

शेतातून आणलेलं तण मी नळाखाली नुसतं धुतलं होतं, तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवलं नव्हतं. त्याची शिक्षा जानेवारीत मिळाली. गप्पींना पिल्लं झाली आणि दोन-दोन करत नाहीशी व्हायला लागली. एका रात्री मुलीने काचेला नाक लावून सांगितलं, "बाबा, काडीला डोळे आहेत." चतुराची अळी होती. दबा धरून बसायचं आणि खालचा जबडा हातासारखा पुढे फेकून भक्ष्य पकडायचं, अशी तिची रीत. तिला बरणीत ठेवली, एक काडी तिरकी लावून दिली. फेब्रुवारीत एका सकाळी काडीवर रिकामं कवच होतं आणि बाल्कनीच्या जाळीवर चतुर बसलेला होता. खानापूर तालुक्यातून बसने आलेला चतुर गच्चीबावलीत उडाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आधी गोव्याला गेलो आणि येताना चोर्ला घाटाने आजोळी जायचं ठरवलं. पणजीहून मामेभाऊ बरोबर होता. वाळपईच्या बाजूला म्हादईकाठी जेवायला थांबलो. उन्हाळ्याचं पाणी, गुडघाभर, खालचा गोटा न् गोटा दिसणारं. दगडांच्या फटींत गवतासारखी लांब, अरुंद, कडा कुरळ्या झालेली पानं प्रवाहाबरोबर हलत होती. काठाला पाणी ओसरलं होतं तिथे त्याच पानांच्या बुडाशी एक बोटभर फूल उभं होतं, पिळलेल्या दोरीसारखं. क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस. नावातच पीळ आहे. क्रिप्टोकोरिनचा ग्रीकमध्ये अर्थ लपलेला दंड. अळूच्या कुळातलं झाड, फुलाचा दांडा नळीच्या आत लपलेला, वासाने आलेला किडा आत अडकतो आणि परागकण अंगावर घेऊनच सुटतो. पावसाळ्यात इथे पुरुषभर पाणी असतं आणि लाल. ते झाड तेव्हा दगडाला मुळांनी धरून असतं, आणि पाणी उतरलं की फुलायला घेतं. हब्बनहट्टीचा मारुती आठवला.

मामेभाऊ म्हणाला, "घे की एक, कोण बघतंय?" हात गेला होता, खोटं कशाला सांगू. पण सत्तरीतला हा मुलूख म्हादई अभयारण्याला लागून, आणि असं दगडात रुजलेलं झाड उपटलं तर मुळं तिथेच राहतात. माझ्या घरी दुकानातलं, त्याच कुळातलं एक मजेत होतं. मुलीला पाण्यात उभं करून फोटो काढले आणि निघालो.

केरीपासून घाट चढला. वर कणकुंबीला माउलीचं देऊळ, तिथेच मलप्रभेचा उगम, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. या कड्यावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. एक म्हादईतून पणजीला अरबी समुद्रात. दुसरा मलप्रभेतून सौंदत्तीजवळच्या धरणात, तिथून कुडलसंगमला कृष्णेत, कृष्णेतून नागार्जुनसागरला. आणि नागार्जुनसागरातून पाणी उपसून हैदराबादच्या नळाला येतं. कणकुंबीच्या वाऱ्यात उभं राहून मी मुलीला हे मोठ्या कौतुकाने सांगत होतो, की मामाआजोबांच्या शेतातलं पाणी आपल्याकडे येतं. अर्ध्या तासात त्याच वाक्याची मला भीती वाटणार होती.

मामांचं शेततळं रस्त्यावरून दिसतं. लांबून वाटलं, तळं आटून गवत उगवलंय. जवळ गेलो. पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवा गालिचा, पानं एकमेकांवर चढून, दुमडून उभी राहिलेली. लव मला ओळखता आली. साल्विनिया.

दोण भरली तेव्हा मामींनी उरलेलं हौसेनं शेततळ्यात सोडलं होतं. फेब्रुवारीपर्यंत सुंदर दिसत होतं म्हणे. मग झाकण बसलं. खाली उजेड नाही, हवा नाही. मामांनी गेल्या वर्षी सोडलेले रोहू-कटला मार्चमध्ये पहाटे पहाटे वर येऊन तोंड मारायला लागले आणि मग मेलेले वर यायला लागले. तीन टोपल्या भरून मासे पुरले. माझे फोन दर रविवारी होत होते. पाणी कसं आहे, काजू कसा आहे, सगळं बोलणं झालं होतं.

"मामा, बोलला का नाहीत?"

"फोनवर काय सांगायचं? प्रेमानं आणलास. तुला वाईट वाटलं असतं." मामी आतून बाहेरच आल्या नाहीत. चूक आपली म्हणून त्या दोन महिने खंतावत होत्या, आणि ते झाड काय आहे हे माहीत असायला हवं होतं तो मी हैदराबादेत रोटालाचे फोटो काढत होतो.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. केरळमध्ये याने कालवे आणि भातखाचरं भरून टाकली होती; तिथे त्याला आफ्रिकन पायल म्हणतात. १९८०च्या दशकात ते खाणारा एक छोटा भुंगा सोडून तिथे बरंचसं आटोक्यात आणलं. २०२० साली कोझिकोड जिल्ह्यात आवळ पांडीच्या कालव्यात कबोंबा हे टाकीतलं दुसरं परदेशी झाड गुलाबी फुलून आलं, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. मी स्वतः तो व्हिडिओ पुढे पाठवला होता, 'किती सुंदर' असं लिहून. हैदराबादच्या तलावांतून महापालिका यंत्रं लावून जलपर्णी काढते, इथे तिला गुर्रपु डेक्का म्हणतात, घोड्याचा खूर. हे सगळं रोज येता-जाता बघितलेलं. पण ते तलावातलं, आणि माझं ते डब्यातलं, म्हणून कधी जोडलंच नाही.

एप्रिल होता हे नशीब. तळ्याला सांडवा आहे, तो ओढ्यात पडतो, ओढा मलप्रभेत. जोराचे वळीव झाले की तळं भरून वाहायला लागणार. रजा दोन दिवसांची होती, ती सहा दिवसांची केली. मॅनेजरला कारण सांगितलं, "शेतावर काम आहे." कोणाला खरं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी बांबूला जाळी बांधून ओढायला गेलो, जाळीच फाटली. ओलं साल्विनिया भयंकर जड असतं. मग मामी बाहेर आल्या आणि एक जुनं नऊवारी लुगडं पुढे केलं. एका टोकाला मामेभाऊ, दुसऱ्या टोकाला मी, कंबरभर पाण्यात, लुगडं ताणून काठाकडे चालायचं. काठावर मामा आणि दोन गडी खोऱ्याने उपसणार. ढीग सांडव्याच्या उलट्या बाजूला, उतारापासून लांब, उन्हात पसरायचा. ओला ढीग करून ठेवला तर आतलं जिवंत राहतं. बायको आणि मुलगी काठाकाठाने चाळणी घेऊन फिरत होत्या, कारण एक तुटका तुकडा राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी दुपारी तळ्यात आभाळ दिसलं. मामी म्हणाल्या, "पाणी केवढं काळं झालंय." खरंच झालं होतं. दगडी दोण मामांनी आधीच पालथी घातली होती.

हैदराबादला आल्यावर टाकीतलं उरलेलं साल्विनिया काढून बाल्कनीत परातीत वाळवलं. आता रोटालाची छाटणी केली तरी ती सिंकमध्ये जात नाही, तीही त्याच परातीत वाळते, मग कुंडीत खत म्हणून. टाकी चांगली चालली आहे. त्या क्रिप्टोकोरिनला सतरा पानं आहेत, मुलगी मोजते.

मामांनी सांडव्याला मच्छरदाणीची जाळी ठोकली आहे. रोज सकाळी दूध घालून आले की जाळीवर काय आलं ते बघतात, आणि रविवारी तळहातावर ठेवून मला फोटो पाठवतात. जूनच्या पहिल्या रविवारी तेरा तुकडे होते, मग पाच. मागच्या रविवारी दोन, नखाएवढे. या रविवारचा फोटो अजून आलेला नाही. तिकडे कालपासून जोराचा पाऊस आहे, रेंज गेली असेल.